चालेल

मराठी भाषेंत ‘चालेल’ ह्या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा क्वचितच सांपडेल. चहांत साखर कमी पडली तरी पाहुणा ‘चालेल’ म्हणतो. मुहूर्त गैरसोयीचा असला तरी वधूपिता ‘चालेल’ म्हणतो. आणि बाही अर्धा इंच आंखूड झाली तर शिंपीहि आपली समजूत त्याच शब्दानें घालतो. ह्या एका शब्दांत संमति आहे, औदार्य आहे, आळस आहे, आणि कधीं कधीं फसवणूकहि आहे. परंतु ज्या वस्तूला खरोखरीच चालावयाचें असतें, तिच्याविषयीं हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला पोंचतो, ह्याचा विचार मीं पुष्कळ वर्षें केला नव्हता. तो मला एका चिमुकल्या पिनेनें करावयास लावला.

गिरगांवांतील फणसवाडींत आम्ही पांचसहा जण असे आहों, कीं ज्यांची रविवारची सकाळ मोटारसायकलींच्या सेवेंत जाते. व्यंकटेशाच्या देवळांतील घंटा कानांवर येत असते, चाळींच्या कठड्यांवर कपडे वाळत असतात, आणि आम्ही खालीं जुन्या गंजिफराकाचे बोळे हातांत घेऊन बसलेले असतों. कोणाजवळ म्हैसूरची येझदी आहे. ज्या दांडीनें तिचें इंजिन सुरू करावयाचें तीच दांडी फिरवून तिचे गिअर बदलावयाचे, अशी तिची गंमतीची रचना. तिचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. तेव्हांपासून तिच्या एकेका भागासाठीं चोरबाजार धुंडाळावा लागतो. कोणाजवळ बुलेट आहे. ती मूळची विलायती. १९५५ पासून ती मद्रासेंत तयार होऊं लागली. जुन्या बुलेटीला लाथ मारण्यापूर्वीं अॅमीटरच्या कांट्याकडे नजर ठेवून पिस्टन बेतानें योग्य जागीं आणावा लागतो. घाई करणाराच्या पायाला ती उलट तडाखा देते. आमच्यांत वयानें वडील ते नाना. १९८२ च्या संपापर्यंत ते परळच्या एका गिरणींत फिटर होते. ते बोलतात थोडें, आणि बोलतांनाहि त्यांचीं बोटें कोठला ना कोठला नट चांचपीत असतात.

गोष्ट एका गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीची. आमच्या मजल्यावरील एका मुलीजवळ तिच्या कैलासवासी वडिलांची बुलेट आहे. दुसऱ्या दिवशीं फडके गणपतीच्या देवळापासून निघणाऱ्या शोभायात्रेंत नऊवारी नेसून, फेटा बांधून, इतर मुलींबरोबर तिला ती चालवावयाची होती. मागचा ब्रेक नीट लागत नव्हता म्हणून तिनें मला हांक मारली. हा ब्रेक पायानें दाबावयाचा असतो. पायाखालच्या पट्टीपासून चाकापर्यंत एक लोखंडी दांडी जाते. पट्टी आणि दांडी ह्यांचा सांधा एका आडव्या खिळीनें जोडलेला असतो, आणि ती खीळ निसटूं नये म्हणून तिच्या टोंकाच्या भोकांत स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय उलट वांकवितात. ही पिन एकदां काढली म्हणजे टाकून द्यावी, असा नियम आहे. कारण वांकविलेली तार सरळ करून पुन्हां वांकविली, म्हणजे ती वळणावरच अशक्त होते आणि इंजिनाच्या हादऱ्यांनीं तेथेंच तुटते.

रात्रीचे दहा वाजून गेले होते. दुकानें बंद होतीं आणि माझ्या डब्यांत नवी पिन नव्हती. मीं जुनीच सरळ केली, घातली आणि वांकविली.

“काका, झालं ना नीट?” तिनें विचारलें.

“चालेल,” मीं म्हटलें.

शोभायात्रा पावलाच्या गतीनें गेली. त्या मुलीला गर्दींतून डौलानें जातांना पाहून मला आपल्या कारागिरीचा थोडा अभिमानहि वाटला. उद्यां नवी पिन आणूं, असें मनाशीं म्हणालों, आणि विसरलों. पुढच्या रविवारीं आम्हीं खंडाळ्यास जाण्याचें ठरविलें. तीहि आली, आणि तिच्या मागें तिची आई बसली. २००२ सालीं खुल्या झालेल्या द्रुतगति मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणून आमची वाट नेहमीं जुन्या रस्त्याची, १८३० सालीं गाड्यांसाठीं खुल्या झालेल्या बोरघाटाची. घाटाची वाट इंग्रजांना ज्या धनगरानें दाखविली असें सांगतात, त्या शिंगरोबाच्या देवळाशीं आम्हीं रिवाजाप्रमाणें नाणें टाकलें. चढलों, भजीं खाल्लीं, उतरलों, आणि दिवेलागणीला सर्व जण सुखरूप फणसवाडींत पोंचलों.

गाड्या लावतांना नाना संवयीनें खालीं बसले. बुलेटीच्या पट्टीखालीं त्यांचें बोट थांबलें. पिन नव्हती, आणि खीळ अर्धी बाहेर सरकली होती. त्यांनीं ती आंत ढकलली आणि विचारलें, “हे कोणी बसवलं?”

मीं तोंड उघडण्यापूर्वींच ती मुलगी म्हणाली, “माझ्याच हातून राहिलं असेल, नाना. परवा साखळीला तेल घालताना हात लागला असेल.” आणि मी गप्प राहिलों.

त्या रात्रीं मीं आपल्या मनापुढें जी वकिली केली, ती वाचकांपुढें मांडण्यासारखी आहे. कारण असली वकिली आपण सर्वच करतों.

पहिला मुद्दा असा, कीं कांहींच घडलें नाहीं. जेथें इजा नाहीं तेथें अपराध कसला? परंतु हा युक्तिवाद टिकत नाहीं. खीळ आणखी अर्धा इंच सरकली असती तर तोच मी, तीच पिन आणि तोच शब्द असूनहि निकाल निराळा लागला असता. बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगल ह्या दोन तत्त्वज्ञांनीं १९७६ सालीं ह्या पेचाला ‘नैतिक दैव’ असें नांव देऊन त्याचा ऊहापोह केला. नेगलच्या विवेचनांत तर ब्रेक तपासून न घेतलेला मोटारचालकच आहे: रस्त्यांत मूल आडवें आलें तर तो जन्मभर स्वतःला दोष देईल, न आलें तर शीळ घालीत घरीं जाईल. घाटांतल्या हादऱ्यांनीं मला दुसऱ्या प्रतीचा मनुष्य ठरविलें. त्यांत माझें कर्तृत्व कांहींच नव्हतें, मग समाधान तरी कशाचें मानावयाचें?

दुसरा मुद्दा अधिक फसवा होता. फळ आपल्या हातीं नाहीं, कर्त्याची बुद्धि पाहावी, असें आपण लहानपणापासून ऐकतों. ज्या लोकमान्यांच्या देहाला १९२० सालीं आमच्याच गिरगांवच्या चौपाटीवर अग्नि दिला गेला, त्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’त बाह्य परिणामापेक्षां कर्त्याच्या बुद्धीलाच कर्माची कसोटी मानलें आहे. आणि माझी बुद्धि तर चांगलीच होती. मला त्या मुलीला मदत करावयाची होती! परंतु येथें आपण शब्दांची अदलाबदल करतों. लोकमान्य ज्या बुद्धीविषयीं बोलतात ती नुसती सदिच्छा नव्हे. कार्य काय व अकार्य काय ह्याचा निर्णय करणारी बुद्धि त्यांनीं वासनेहून वेगळी दाखविली आहे. माझी वासना गोड होती. निर्णय मात्र मीं केलाच नाहीं, उरकला. फळाची आशा सोडावी, म्हणजे पिनेची काळजी सोडावी, असें नव्हे. फळ माझ्या हातीं नसेल, पिन तर माझ्या हातींच होती.

कोणी म्हणेल, रात्रीं दहा वाजतां दुसरें काय करतां आलें असतें? हा प्रश्न मला सर्वांत उपयोगी पडला. दुसरें काय, तर तीच पिन बसवून मी म्हणालों असतों, “पिन जुनी आहे, उद्यां हळू जा, पण नवी बसविल्याशिवाय लांब जाऊं नकोस.” पिन तीच, धोका तोच, तरीहि त्या रात्रींचा माझा अपराध तेथेंच संपला असता. ह्यावरून असें दिसतें, कीं दोष पिनेंत नव्हता, शब्दांत होता. तिनें मला विचारलें होतें तें लोखंडाविषयीं. मीं उत्तर दिलें तें तिच्या जिवाविषयीं, तिला न सांगतां. किती धोका पत्करावयाचा हें ठरविण्याचा हक्क जो गाडीवर बसणार त्याचा. तिचा हक्क मीं ‘चालेल’ ह्या तीन अक्षरांत खिशांत घातला. आणि ती स्वतःवर दोष घेत असतां मी गप्प राहिलों, तेव्हां तोच हक्क दुसऱ्यांदा बुडविला.

रात्रीं उशिरा त्यांच्या दारावर थाप मारली. जें घडलें तें सर्व तिला सांगितलें. ती जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “आई मागे बसली होती, काका.” ह्यापेक्षां अधिक ती कांहीं बोलली नाहीं. क्षमा मागितली तर ती मिळतेच, असा माझा समज होता. मीं ती मागितली, पण त्या रात्रीं ती मिळाली नाहीं, आणि न मिळणेंच योग्य होतें. नानांनाहि दुसऱ्या दिवशीं सांगितलें. “मला ठाऊक होतं,” एवढेंच ते म्हणाले.

आतां माझ्या डब्यांत निरनिराळ्या मापांच्या नव्या पिनांची पुडी असते. ती मुलगीहि बदलली आहे. मीं केलेलें प्रत्येक काम ती बॅटरीच्या उजेडांत वांकून पाहते. प्रारंभीं मला तें लागलें. चाळींतल्या वडीलधाऱ्या माणसाचा एवढा अविश्वास! पण नाना म्हणाले कीं गिरणींत त्यांचें काम दुसरा फिटर नेहमीं तपाशी, आणि त्यांत अपमान कधीं कोणी मानला नाहीं.

गेल्या रविवारीं मीं तिच्या गाडीची साखळी ताणून दिली. तिनें बोटानें साखळी वरखालीं हलवून पाहिली.

“काका, अजून अर्धा आटा हवा.”

माझ्या ओठांवर तो जुना शब्द आला होता. तो गिळून मीं पाना पुन्हां उचलला.