हंडा कुठं ठिवू?

कयाधूच्या काठी, नर्सीहून फार लांब नसलेल्या एका गावात पत्र्याच्या खोलीत ख्रिस्ती मंडळी भरते. उन्हाळ्यात नदी आटली की बाप्तिस्म्याचं पाणीसुद्धा हापशावरून आणावं लागतं. ते एक आजी आणायची. उपासना चुकवायची नाही, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायची, मयतीच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचायची. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा मात्र झालेला नव्हता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो मिळू लागला. ख्रिस्ती झालेल्यांना आजही मिळत नाही. आजीची नात नर्सिंगला होती, फी त्या दाखल्यावर माफ. चर्चच्या रजिस्टरात आजीचं नाव चढलं, तर उद्या कुणीही त्या घराकडं बोट दाखवील.

एका रविवारी सभासदांची यादी करायला वडील मंडळी बसली. आजीचं नाव आलं आणि अण्णा म्हणाले, "बाप्तिस्म्याबिगर नाव न्हाई. प्रभूचीच आज्ञा हाय. अन् आपल्या नर्सीच्या नामदेवाचं काय झालं? गोरोबानं थापटून कच्चं मडकं ठरवलं. इठ्ठल त्याच्याशी बोलायचा, तरी गुरू करायला औंढ्याला विसोबाकडं यावंच लागलं."

अण्णांचं बोलणं मला हलकं वाटत नाही. बाप्तिस्मा ही चारचौघांत दिलेली साक्ष आहे, ती सोयीनं टाळायची गोष्ट नव्हे. पण अण्णांना त्या साक्षीसाठी काही गमवावं लागलं नव्हतं. आजीला नातीचं शिक्षण मोजावं लागणार होतं. एवढा फरक डोळ्यांआड करून दाराशी एकच माप लावणं मला अन्यायाचं वाटतं.

पाळकसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अण्णा, मडकं कच्चं निघालं, पण संतांनी नामदेवाला पंगतीतून उठवलं का? बायबलातल्या कर्नेल्याच्या घरीही आत्मा आधी उतरला, बाप्तिस्म्याचं पाणी मागून आलं. आपले नारायण वामन टिळक बघा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यापायी घर दुरावलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडं परत आल्या त्याही आपलं पाणी वेगळं ठेवून. जातीचा विटाळ त्यांच्या मनातून आधी गेला, बाप्तिस्मा पुढं १९०० मध्ये झाला. बाप्तिस्म्याची किंमत टिळकांएवढी कुणाला कळली असेल? त्याच टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात देवाचा दरबार काढला आणि बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही एका सतरंजीवर बसवलं."

अण्णा खाली बघत राहिले. त्या दिवशी त्यांच्याच नातवाचा बाप्तिस्मा होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. डोक्यावर भरलेला हंडा, उन्हानं लाल झालेला चेहरा. बैठक बघून आजी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"अण्णा, हंडा कुठं ठिवू?"

अण्णा उठले. सतरंजी ओलांडून दारापर्यंत गेले आणि हंड्याला दोन्ही हात लावले. उतरवताना पाणी हिंदकळलं, दोघांच्याही अंगावर सांडलं. पाळकसाहेबांनी यादीचा कागद ओला होऊ नये म्हणून उचलला आणि पेनाचं टोपण काढलं.