जेवणाची सुट्टी कोणाच्या मालकीची?

बर्लिन शहरात नव्वदी उलटलेल्या एका वृद्धेच्या घरी बल्गेरियातून आलेली एक बाई कामाला होती. करारात आठवड्याचे ३० तास लिहिले होते. बाईचे म्हणणे असे की, प्रत्यक्षात ती रात्रंदिवस बांधलेली होती. रात्रीसुद्धा तिला आपल्या खोलीचे दार उघडे ठेवावे लागे, कारण म्हातारीने हाक मारली तर उठून तिला शौचास नेले पाहिजे. तिला कामावर पाठविणाऱ्या कंपनीचे उत्तर असे की, करार ३० तासांचा. त्याहून जास्त काम तिने केले असेल तर ते आमच्या सांगण्यावरून नव्हे. वाद जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत गेला. २४ जून २०२१ रोजी त्या न्यायालयाने सांगितले की, हाकेसाठी तयार राहणे हेही कामच आहे, आणि त्याला किमान वेतन दिलेच पाहिजे. तास किती धरायचे ते ठरविण्यासाठी प्रकरण खाली परत गेले, आणि २०२२ साली बाईची मागणी बहुतांशी मान्य झाली.

ज्या वेळात हात हलले नाहीत त्या वेळाचे दाम मालकाने का द्यावे? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. खुद्द जर्मनीतही जेवणाच्या सुट्टीचा पगार देण्याची कायद्याने सक्ती नाही. १९९४ च्या कायद्याप्रमाणे ६ तासांहून जास्त काम असेल तर ३० मिनिटे आणि ९ तासांहून जास्त असेल तर ४५ मिनिटे विश्रांती द्यावी लागते, पण ती कामाच्या तासांत धरली जात नाही. मात्र तोच कायदा म्हणतो की, ही सुट्टी आगाऊ ठरलेली असावी. गिऱ्हाईक नाही तोवर बसून घे, आले की ऊठ, याला तेथे विश्रांती म्हणत नाहीत. शिवाय त्यात एक अपवाद आहे, तो आम्हास फार बोलका वाटला. जमिनीखालच्या खाणीत काम करणाऱ्याची विश्रांती कामाच्या तासांतच मोजली जाते. आमच्या मते हे योग्यच आहे. खाणीच्या पोटात बसून भाकरी खाणारा माणूस त्या अर्ध्या तासात जाणार कोठे? मग उघड्या दाराजवळ निजणारी ती बाई तरी कोठे जाणार होती?

पगारी विश्रांती जर्मन कामगारांनी झगडून मिळविल्याचेही उदाहरण आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतातील धातुकामगारांनी संप केला, आणि उक्त्या दराने काम करणाऱ्यांना तासाला ५ मिनिटांची पगारी विश्रांती मिळाली. त्यांचे पुढारी फ्रान्त्स श्टाइनक्यूलर यांचे नाव त्या पाच मिनिटांना चिकटले ते चिकटलेच. पण त्या कामगारांमागे बलाढ्य संघटना होती. परक्याच्या घरी एकटी राबणारी बाई कोणाबरोबर संप करणार? कमी पगाराच्या माणसाचे हेच दुखणे आहे. २०१५ साली जर्मनीत ताशी साडेआठ युरो किमान वेतन लागू झाले. त्या दराने रोजचा अर्धा तास सुट्टी म्हणून कापला आणि प्रत्यक्षात राबवून घेतला, तर पाच दिवसांच्या आठवड्यात सव्वाएकवीस युरो जातात. साहेबाला ते जाणवणार नाहीत. झाडूवाल्याच्या घरात मात्र तेवढ्यात बाजार येतो.

आपल्या तालमूदमध्ये या विषयावर एक लहानसा नियम आहे. मजुरीवर काम करणाऱ्याने जेवणानंतरची आशीर्वचने थोडक्यात म्हणावी, कारण वेळ मालकाचा आहे. वाचून प्रथम वाईट वाटते. देवाच्या उपकारस्तुतीतही काटछाट! पण पुढेच म्हटले आहे की, मालक स्वतः त्यांच्या पंक्तीला बसला असेल तर मजुरांनी ती पूर्ण म्हणावी. पुढच्या काळातील शास्त्र्यांनी तर ठरविले की, आता मालक एवढ्या मिनिटांचा हिशेब धरीत नाहीत, तेव्हा सर्वांनी पूर्णच म्हणावी. म्हणजे मजुराचा प्रामाणिकपणा आणि मालकाचे मन, दोन्हींचा विचार त्यात आहे.

आपले पूर्वज कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. शब्बाथला घाणा बंद. तोरेची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही. दासदासींना, परक्याला आणि बैलालाही त्या दिवशी विसावा आहे. या नावाचा आपण अभिमान बाळगतो, पण शुक्रवारच्या संध्याकाळी आपण मेजाभोवती बसलो असता स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईचा शब्बाथ कोणता, हे क्वचितच विचारतो.

इस्राएलमध्ये तर अनेक वृद्धांची सेवा घरी राहणाऱ्या परदेशी स्त्रिया करतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बहुमताने ठरविले की, कामाच्या व विश्रांतीच्या तासांचा कायदा, आणि त्याबरोबर जादा तासांचा मोबदला, अशा सेविकांना लागू होत नाही. बर्लिनच्या निकालाच्या हे जवळजवळ उलट झाले. वृद्धाचे कुटुंब पुष्कळदा स्वतःच ओढगस्तीत असते, चोवीस तासांचे वेतन त्याने कोठून आणावे, हे आम्ही जाणतो. तो भार सरकारने किती उचलावा यावर वाद व्हावा. पण पैसे नाहीत म्हणून ते तास कामाचे नव्हेत, असे म्हणणे आम्हास पटत नाही. देणे फिटत नसले तरी ते वहीत मांडावे लागते. निदान रात्री किती वेळा हाक मारली, हे त्या घरातील मुलासुनांनी एक आठवडा लिहून पाहावे.