सालाखालची खूण

बँकेत चिल्लर मागणारी माणसं कमी, चिल्लर टाळणारी जास्त. नाण्यांच्या पिशव्या कॅशिअरच्या पायाशी पडून असतात आणि रांग नोटांसाठी उभी असते. अशा वेळी कुणी ‘रुपयाची एक पिशवी मिळेल का?’ असं विचारलं की काचेपलीकडची मान वर होते. एका पिशवीत शंभर नाणी. शंभर रुपये द्यायचे, शंभर रुपये घ्यायचे. घासाघीस नाही. कुणाचा नफा नाही, कुणाचा तोटा नाही.

मी जुनी नाणी जमवतो ती अशी. नाण्यांच्या दुकानातून नाही, लिलावात बोली लावूनही नाही. टांकसाळीतून ज्या किमतीची म्हणून निघाली त्याच किमतीला, बँकेच्या खिडकीतून.

जुनी नाणी बँकेत येतात कशी, याचा विचार करत बसायला मला आवडतं. एखाद्या घरी मुलाचा गल्ला फुटतो. एखाद्या देवळाची दानपेटी उघडते. आजीच्या ट्रंकेतला डबा कुणीतरी रिकामा करतं. वर्षानुवर्षं अंधारात पडलेली नाणी एका सकाळी काउंटरवर ओतली जातात, मोजली जातात आणि नव्या नाण्यांत मिसळून पुन्हा बाहेर पडतात. ३० जून २०११ नंतर चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. ती आता खिडकीतून मिळायची नाहीत. पन्नास पैसे, रुपया, दोन रुपये, पाच रुपये मात्र जुन्या घडणीचे असले तरी चालतात. फार झिजलेली नाणी मागे जातात आणि टांकसाळीत वितळतात. जी मधल्या वाटेवर आहेत, तीच काय ती आपली.

एक आणि दोन रुपयांची नाणी शक्यतो वजन करून घ्यावीत, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सुचवलेलं आहे. १९९२ पासून निघालेला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा. शंभरांचे ४८५ ग्रॅम. त्याच्या एका बाजूला धान्याची कणसं. १९९९ साली ज्ञानेश्वरांचं चित्र असलेला रुपया निघाला. तोही स्टीलचा, तेवढ्याच वजनाचा. काट्याला कणीस आणि ज्ञानेश्वर यांत फरक कळत नाही. कळायचं कारणही नाही. काट्याचं ते काम नव्हे.

मोजायचं तर सगळी नाणी सारखी धरावी लागतात. पाहायचं तर एकेक वेगळं घ्यावं लागतं.

कॅशिअरने प्रत्येक नाणं निरखायचं ठरवलं तर दुपारपर्यंत रांग रस्त्यावर येईल. म्हणून मोजणाऱ्याला मी कमी लेखत नाही. जग मोजण्यावरच चालतं. पण दिवसात कुठेतरी, अर्धा तास का होईना, पाहण्यासाठी काढता आला पाहिजे. मी तो सकाळी काढतो. चहा झाला की कालचं वर्तमानपत्र पसरतो आणि पिशवी त्यावर ओततो.

आधी साल बघायचं. मग सालाच्या खाली. नाण्यावरची सगळ्यात लहान गोष्ट तिथे असते. चौकटीच्या आकाराची बारीक खूण असली, संग्राहक तिला डायमंड म्हणतात, तर नाणं मुंबईचं. फोर्टातल्या टांकसाळीतलं, रिझर्व्ह बँकेच्या जवळच असलेल्या त्या जुन्या इमारतीतलं. पाच टोकांची चांदणी असली तर हैदराबादचं. गोल ठिपका असला तर नोएडाचं. आणि सालाखाली काहीच नसलं तर कोलकात्याचं.

या शेवटच्या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो. चार टांकसाळींपैकी कोलकाता सही करत नाही. रिकामी जागा हीच तिची खूण. ती ओळखायची तर बाकीच्या तिन्ही खुणा आधी ठाऊक असाव्या लागतात. नुसत्या रिकाम्या जागेकडे बघून काही कळत नाही. तिथे काय असू शकलं असतं हे माहीत असेल, तरच नसण्याला अर्थ येतो. पहिल्यांदा भिंग घेणाऱ्याला वाटतं, या नाण्यावर काही नाही, हे साधं. पुढे कधीतरी त्याच नाण्यावर बोट ठेवून तो सांगतो, हे कोलकात्याचं. नाणं तेच असतं.

पाहुणी नाणीही असतात. १९८५च्या सुमारास देशात सुट्ट्या नाण्यांची टंचाई होती, म्हणून सरकारने काही रुपये परदेशातून पाडून आणले. त्यांतल्या बर्मिंगहॅमच्या रुपयांवर सालाखाली इंग्रजी एच आहे. पुढे नव्वदच्या दशकात मेक्सिकोतही आपले रुपये पाडले गेले. त्यांवर एम आणि त्याच्या डोक्यावर बारीकसं वर्तुळ. इतक्या दूर घडलेला रुपया इथे मेथीच्या जुडीसाठी दिला गेला, एसटीच्या कंडक्टरच्या पिशवीत पडला, सत्यनारायणाच्या पूजेत विड्यावर ठेवला गेला. कुणी त्याला तू कुठला म्हणून विचारलं नाही. चांगलंच झालं. चलनाने असंच असावं, कुणाचंही गाव न विचारता चालावं. पण एखाद्या सकाळी एकाने विचारलं, म्हणून काही बिघडत नाही.

दोन रुपयांच्या पिशवीत जुनी अकरा कोनांची नाणी निघू लागली की माझा हात आपोआप हळू होतो. १९९९ सालचं छत्रपती शिवाजी महाराजांचं नाणं या घडणीचं. २००२ सालचं संत तुकारामांचंही याच घडणीचं. महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असं परंपरा सांगते. आज दोघांची किंमत सारखीच, आणि दोघं एकाच पिशवीत. ज्यांनी धन परत धाडलं त्यांचीच छबी धनावर का उमटवावी, असं कुणी म्हणेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. तुकोबांचं घर व्यापाराचं होतं. उधारीची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं सांगतात. म्हणजे पैसा त्यांच्या दारात होता, वहीत होता. त्यांनी तो मोजलाही होता आणि पाहिलाही होता. देहूला जायचं तर वाट काढून जावं लागतं. दोन रुपयांचे तुकोबा आपणहून तळहातावर येतात, आणि आपण त्यांना न बघता पुढे देतो.

आमच्या शाखेतल्या कॅशिअर मॅडमना बरेच दिवस वाटायचं की माझं किराणा दुकान आहे. एकदा त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. खिशातला ज्ञानेश्वरांचा रुपया दाखवला. त्यांनी तो काचेखालून आत घेतला, उलटा केला, सुलटा केला. ‘इतकी वर्षं इथे बसते, हा कधी बघितला नाही,’ म्हणाल्या. बघितला नसेल, हातातून मात्र गेला असेल. मी तसं बोललो नाही.

तेव्हापासून एखादं वेगळं नाणं आलं की त्या ते ड्रॉवरच्या कोपऱ्यात बाजूला सारतात. संध्याकाळच्या हिशेबात ते एकच रुपया असतं. कोपऱ्यात ते वेगळं असतं. महिन्याचे पहिले दिवस पेन्शनच्या गर्दीचे, तेव्हा मी जात नाही. एरवी जेवणाच्या सुट्टीआधी, रांग ओसरल्यावर जातो. परवा त्यांनी एक रुपया माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘याच्या खाली काहीच नाही. कोलकाता ना?’

होय, कोलकाता. नाणं साधंच होतं, माझ्याकडे तसं होतं. तरी मी ते घेतलं.

जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर फिरतात. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं किंवा दहाचं नाणं घरात असेल तर नशीब उघडलं म्हणतात. ही २०१२ सालची, चलनातलीच नाणी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं: आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीवर कुणी शुल्क किंवा कमिशन मागितलं तर भुलू नका, आम्ही असले व्यवहार करत नाही. या जाहिरातींचं मला मनापासून वाईट वाटतं. साध्या माणसांचे पैसे बुडतात, हे दुःख मोठं आहेच. शिवाय आणखी एक. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा एखादं नाणं नीट बघायला हातात घेतलं, त्याला त्या लगेच पुन्हा मोजायला बसवतात. ज्ञानेश्वरांच्या रुपयाला संग्राहकांच्या बाजारात रुपयापेक्षा जास्त मिळतात, हे खरं आहे. पण तो पिशवीतून वर येतो त्या क्षणी बाजार आठवत नाही. आधी साल आठवतं. मग त्या सालात आपण कुठे होतो ते आठवतं.

नाणी मी घासत नाही. लिंबू नाही, चिंच नाही. किती हातांतून गेल्यावर तो काळसरपणा येतो, आणि तो नाण्याचा स्वतःचा असतो.

एका प्रकारचं एकच नाणं ठेवायचं, एवढा नेम मी पाळतो. दुसरं सापडलं तर ते परत चिल्लरीत जातं. सगळंच आपण उचललं तर पुढच्या पाहणाऱ्याला काय उरेल? आणि नको असलेली नाणी पुन्हा बँकेत नेऊन मी मॅडमचं मोजायचं काम वाढवत नाही. रिक्षात, पिठाच्या गिरणीत, भाजीवाल्या मावशींकडे ती सहज खपतात. गेल्या पिशवीत तुकोबा दोनदा निघाले. एक माझ्या डबीत ठेवला. दुसरा कोपऱ्यावरच्या वाण्याला साखरेच्या पैशांत दिला. त्याला सुट्टे हवेच होते.