नगर रम्य, पण पाणी वाईट

शास्त्रपाठ : २ राजे २:१९-२२



यरीहोचे लोक अलीशाकडे आले तेव्हा त्यांनी आपले दुखणे झाकून ठेवले नाही. नगराची जागा रम्य आहे हे त्यांनी सांगितले आणि त्याच दमात पाणी वाईट आहे हेही कबूल केले. आपल्या नगराविषयी असे बोलायला धैर्य लागते. ते आपल्या मंडळ्यांत आहे काय?

एक साधे उदाहरण घेऊ. आदिलाबादेतले एखादे कुटुंब मुलांच्या हट्टाखातर मासे पाळायची काचेची पेटी आणते. तळाला रंगीत खडी, कोपऱ्यात हवेचा पंप, वरपर्यंत नळाचे स्वच्छ पाणी. त्याच संध्याकाळी गप्पी, मॉली, टेट्रा असे दहाबारा मासे एकत्र सोडले जातात. दोन-तीन दिवस घरात आनंदीआनंद! मग एक मासा वर येऊन धापा टाकू लागतो आणि सकाळी मेलेला आढळतो. पाठोपाठ आणखी दोन. अंगावर जखम नाही, डाग नाही आणि पाणी तर आरशासारखे. घरचे म्हणतात, "दुकानदाराने रोगट मासे दिले." नवे आणतात, तेही मरतात.

दोष बहुधा माशांचा नसतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळच कमी घातक असते. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी ह्या जंतूंचे कार्य उलगडून दाखवले. नव्या पेटीत खडीवर आणि गाळणीच्या स्पंजावर ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना मारते आणि ह्या जंतूंनाही. त्यातून आमच्याकडचा उन्हाळा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून जाणकार सांगतात : मासे थोडेथोडे सोडा, खाद्य बेताने घाला, पाणी एकदम न बदलता थोडे थोडे बदला, आणि स्पंज नळाखाली घासू नका, पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या.

आणखी एक गोष्ट ऐका. वर्षानुवर्षांच्या पेटीतले पाणी हळूहळू बिघडते, तेव्हा जुने मासे त्याला सरावतात आणि जगत राहतात. नवा, धडधाकट मासा मात्र तेथे सोडताच मरतो. जुन्यांचे जगणे हा पाणी चांगले असल्याचा पुरावा नव्हे.

प्रियांनो, येथे आपण थांबून विचार करू या. पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आमच्या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदतात. मंडळीत एखादे नवे कुटुंब येते, एखादा तरुण येतो. सहा महिन्यांनी त्यांचा बाक रिकामा! आपण म्हणतो, "त्यांचा विश्वासच कच्चा होता." विश्वासात दुर्बल असलेल्याला जवळ करा, असे पौल रोमकरांस लिहितो (रोम. १४:१). आपण माशाला नावे ठेवतो. पाणी कोणी तपासले? उपासनेनंतर व्हरांड्यात होणारी कुजबूज, दोन घराण्यांतला जुना दावा, नवख्याच्या बोलण्याला हसणे, ह्यांना आपण सरावलो आहोत. "आम्ही नाही का इतकी वर्षे टिकलो?" हे उत्तर देवापुढे चालणार नाही.

उलट, कोणाच्याही नजरेत न येणारे सेवकही मंडळीत असतात. नवख्याला गीताचे पान काढून देणारी आजी, भांडण पुढे न नेता स्वतःत जिरवणारा भाऊ; विष निष्प्रभ होते ते अशांमुळे. शिस्तीच्या आवेशात आपण त्यांनाच धुऊन टाकत नाही ना?

अलीशाने काय केले पाहा. तो घरोघर औषध वाटत फिरला नाही. नव्या पात्रात मीठ घेऊन तो थेट झऱ्यापाशी गेला. पाणी निरोगी केले ते परमेश्वराने. परंतु झऱ्यापर्यंत चालत जाणे माणसाकडे होते.

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, ह्या महिन्यात हजेरीपट उघडा. वर्षभरात गळालेली नावे वेगळी लिहा आणि त्या घरी जा. "का येत नाही?" असे विचारू नका. "आमच्यात तुम्हांला काय लागले?" असे विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. जे ऐकाल ते वडील मंडळींपुढे ठेवा, कारण झरा तेथे आहे.

हे प्रभू, आमचे पाणी वाईट आहे असे म्हणण्याची नम्रता आम्हांला दे, आणि ते तू निरोगी कर. आमेन.