वाजत नाही ना?

आमच्या घरी माठाखाली लोखंडाची एक जाड, गोल अडणी आहे. दात खाली करून ठेवलेली. हात फिरवला की दातांची रांग लागते आणि तीन जागी बोट घसरतं, कारण तिथले दात तुटलेले आहेत. नवा पाहुणा विचारतो, हे कुठून आणलं? मी म्हणतो, जीपचं आहे. त्यापुढं मी बोलत नाही.

1997 चा पावसाळा उतरणीला लागला होता. दर्यापूर ते अकोला सवारी मारायला मी एक जुनी कमांडर जीप घेतली होती. आमची जमीन पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातली. पाऊस पडला की ती काळी माती चाक गिळते. एका सकाळी गावाबाहेर मागचं चाक रुतलं. मी ताव दिला, चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि एकाएकी त्याला पकड मिळाली. मागून ‘कट्ट’ असा आवाज आला. मग ट्रॅक्टरनं बाहेर काढून टोचन लावून जीप अकोल्याला नेली.

मिस्त्रीनं मागचं हाऊसिंग उघडलं. क्राऊनचे तीन दात गेले होते. पिनियन वरवर बरं दिसत होतं. मी म्हणालो, फक्त क्राऊन टाका. तो हसला. “जोडी असते भाऊ. कारखान्यात दोघं एकमेकावर घासून बसवलेले असतात. दुसऱ्याच्या संग नांदत नाईत.” तेवढं मला पटलं. जोडी घेतली.

मग त्यानं चारही बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन गोणपाटावर मांडली. दोन पिनियनची, दोन क्राऊनच्या दोन्ही अंगांची. एकेक कानाशी धरून फिरवलं. वाटीच्या आतून नख फिरवलं. “दात तुटले त्याचा चुरा तेलात फिरला. बेअरिंगनं तो खाल्ला हाय. नवे टाका.”

“वाजते काय?”

“आता नाई वाजत.”

“मग राहू द्या ना बाप्पा.”

कापसाचा चुकारा हातात आलेला नव्हता, हे खरं. पण तेवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. नवीन गोऱ्हा शिकवायचा तर त्याला जुन्या बैलासोबत जुंपतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मिस्त्रीला मी तेच ऐकवलं. तो म्हणाला, “बैलाले अक्कल असते भाऊ. लोखंडाले कुठं?” मग जरा थांबून म्हणाला, “तुमची गाडी हाय. ठिवतो. पण मी सांगतलं होतं, हे ध्यानात ठिवजा.”

जुनं बेअरिंग पुन्हा बसवणं म्हणजे काही गुन्हा नाही. चांगलं असेल तर चांगले मिस्त्रीही बसवतात. फक्त नव्याला जेवढा ताण देऊन आवळतात तेवढा जुन्याला देत नाहीत. पण या जागी बेअरिंगचं काम नुसतं वजन झेलायचं नाही. बंडीचं चाक जसं आखावर आडवं सरकतं आणि कुणीवर आपटतं, तसं पिनियनही जोर पडला की पुढंमागं सरकायला पाहतं. त्याला जागेवर धरायचं ते बेअरिंगनं. म्हणून ते निमुळत्या रुळांचं असतं. 1898 साली अमेरिकेत टिमकेन नावाच्या माणसानं त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याचा धंदा घोडागाड्या बांधायचा होता. हे पुढं कुठंतरी वाचलं तेव्हा आमच्या बंडीखाली लटकणारं वंगणाचं नळकांडं आठवलं. पिनियन केसभर हललं तरी दातावर दात बसायची जागा बदलते. मग नवा गिअरही आवाज करतो, आणि पुढं स्वतःलाच खातो.

मिस्त्रीनं आपलं काम मात्र चोख केलं. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला, गिअर फिरवला, उठलेला ठसा पाहिला. सगळं पुन्हा खोललं, एक पातळ शिम काढली, पुन्हा शेंदूर. ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत दिवस मावळला. नव्वद नंबरचं तेल भरलं आणि तुटका क्राऊन गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिला. काढलेला माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही त्याची रीत होती.

जीप चार महिने बिनआवाज चालली. संक्रांतीनंतर मी ती गावातल्याच एका पोराला विकली. मला काकाजी म्हणणारा, नात्यासारखाच. मी त्याला बिल दाखवलं. “नवं क्राऊन-पिनियन टाकलं हाय,” म्हणालो. खोटं एक अक्षर बोललो नाही. बेअरिंगचं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बिलावर बेअरिंग नव्हतंच. पण जे कागदावर नाही ते वाचायला त्याला कोण शिकवणार?

पावसाळ्याआधी जीप रडू लागली. आधी साठच्या वेगाला बारीक सूर, मग चाळीसला. लग्नसराईत मूर्तिजापूरच्या अलीकडं ती वऱ्हाडासकट उभी राहिली. हाऊसिंग उघडलं तेव्हा पिनियनचं बेअरिंग फुटलेलं आणि नव्या गिअरचे दात चावलेले. त्यानं पैसे व्याजानं काढले होते. जीप भंगाराच्या भावात गेली आणि तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर लागला.

मला त्यानं शब्दानं विचारलं नाही. त्याचा राग मिस्त्रीवर. “नव्याचं बिल करून जुना माल घातला चोट्ट्यानं,” असं तो पारावर सांगायचा. मीही पारावर असायचो. आमच्या गावच्या दोन गाड्या त्या गॅरेजात जायच्या बंद झाल्या, हे मला ठाऊक होतं.

स्वतःच्या गाडीत जुनं बेअरिंग ठेवणं ही माझी काटकसर होती. फुटलं असतं तर मी रस्त्यावर बसलो असतो. त्याच बेअरिंगासकट गाडी विकली आणि सांगितलं नाही, तेव्हा ती काटकसर राहिली नाही. जोखीम त्याची झाली, वाचलेले पैसे माझेच राहिले. आणि पारावर गप्प बसलो तेव्हा ज्या एका माणसानं खरं सांगितलं होतं, त्याच्याच डोक्यावर मी ते नेऊन ठेवलं. पहिल्या गप्प बसण्याला मी वर्षानुवर्षं व्यवहार म्हणत आलो. विकणारा सगळंच सांगत बसतो काय? बैल विकताना कोण सांगते की तो उन्हात बसतो? दुसऱ्या गप्प बसण्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

परवा उन्हाळ्यात तो घरी आला. आता त्याचाही मुलगा मोठा झालाय. माठातलं पाणी घेताना खाली वाकून पाहत म्हणाला, “हे त्याच गाडीचं नं, काकाजी? मिस्त्री मोठा लबाड निघाला.”

मी म्हणालो, “मिस्त्री नवं टाका म्हणत होता. मीच नाही म्हटलं.”

तो गडवा हातात धरून उभा राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “किती वाचले होते?”

मी आकडा सांगितला. आज त्यात जीपची टाकीही भरत नाही.

त्यानं पाणी संपवलं, गडवा माठावर उपडा ठेवला आणि चपला घातल्या. “येतो,” म्हणाला. या वेळी काकाजी म्हणाला नाही.