वृक्षाची समता आणि आमचे मौन

आषाढीची वाट चालणाऱ्यास सावलीचे मोल निराळे सांगावयास नको. दुपारचे ऊन डोक्यावर आले, टाळ धरलेले हात जड झाले, म्हणजे विणेकऱ्याची नजर आपोआप पुढच्या झाडाकडे लागते. पाणी हल्ली टँकरने मिळते, औषध मिळते, जेवण तर नको म्हणेपर्यंत मिळते. पण पन्नास माणसे एका बुंध्याला टेकून बसतील अशी सावली कुठून आणावी?

आमच्या दिंडीचा दुपारचा विसावा एका गावाबाहेरच्या वडाखाली असे. आमच्या आधीच्या पिढीनेही तिथेच पथारी टाकली होती. काही वर्षांमागे आम्ही तिथे पोहोचलो, तो वड नाही! जागेभोवती पत्र्याचे कुंपण, आत चुन्याने आखलेले प्लॉट, आणि दाराशी मोठी कमान. जमिनीच्या मालकाने त्याच ठिकाणी मांडव घालून वारकऱ्यांसाठी पंगत मांडली होती. आमटी, भात, वर बुंदी. आम्ही बसलो आणि जेवलो. पंगतीत एक आजी होती. तिने हात आखडून विचारले, “माउली, इथला वड कुठं गेला?” कोणी उत्तर दिले नाही. मग वाढणाऱ्या पोराने हळूच सांगितले, “सुट्टीच्या दिवशी रात्री मशीन आणून पाडला. परवानगी-बिरवानगी काय नव्हती.”

पुढे वाटेत चर्चा निघाली. एक वयोवृद्ध वारकरी म्हणाले, “अहो, माउलींनीच सांगितलंय ना, झाड तोडणाऱ्यालाही सावली देतं म्हणून? झाडाची तक्रार नाही, मग आपण कशाला कुरकुर करायची? आपलं काम नामाचं.” हे ऐकून सगळे गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. खरे सांगायचे तर ते बोलणे आम्हांस सोयीचे वाटले, कारण बुंदीची चव अजून जिभेवर होती. ते बोलणे बरोबर होते काय, हाच आजचा प्रश्न आहे.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना माउलींनी झाडाचा दृष्टांत दिला आहे, हे खरे. लावणारा आणि घाव घालणारा, दोघांना झाडाची सावली सारखीच. पण दृष्टांत कोणाच्या समतेचा आहे? ज्याच्या अंगावर घाव पडतो त्याच्या. बाजूला उभा राहून दुसऱ्यावरचा घाव पाहणाऱ्याला माउलींनी तिथे भक्त म्हटलेले नाही. आपल्यावरचा घाव सोसणे ही क्षमा. दुसऱ्यावरचा घाव आपण ‘सोसला’ असे म्हणणे याला काय म्हणावे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

नाथांच्या चरित्रातल्या दोन कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. गोदावरीचे स्नान करून येताना एक मनुष्य त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला, आणि नाथ न रागावता पुन्हा पुन्हा नदीवर गेले. ही झाली एक कथा. दुसरीत रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातले. दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. आपल्या अंगावरची थुंकी नाथांनी शांतपणे धुतली. मुक्या जीवाच्या तहानेपुढे मात्र त्यांना उगे बसवले नाही. आपण पहिल्या कथेतली शांती घेतो आणि ती दुसऱ्या कथेच्या जागी नेऊन बसवतो. इथेच चुकते.

कोणी म्हणेल, “सातबारा माझा, झाड माझं. तुम्ही कोण विचारणारे?” जमीन त्याची, हे कबूल. पण ज्या वडाखाली आपला पणजोबा बसला, तो वड खरेदीखताने निर्माण झाला नव्हता. हा विचार काही आजचा नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात, आरमारास लाकूड हवे म्हणून रयतेची झाडे जबरीने तोडू नयेत अशी ताकीद आहे. लोकांनी ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे कारणही तिथे दिले आहे. राज्याच्या आरमारासही जी मुभा नव्हती, ती प्लॉट पाडणाऱ्यास कशी असेल?

आजचा कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्रात नागरी भागासाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. स्वतःच्या आवारातले झाड तोडावयासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2021 साली या कायद्यात दुरुस्ती होऊन 50 वर्षे वा अधिक वयाच्या झाडास ‘हेरिटेज’, म्हणजे वारशाचे झाड, मानले गेले. असे झाड तोडावे लागलेच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी, असेही ठरले.

पण कायद्याला वळसा घालण्याच्या युक्त्या सर्वांना ठाऊक आहेत. फांद्या छाटण्याची परवानगी काढायची आणि बुंधाच आडवा करायचा. साल सोलून ठेवायची, मुळांत आम्ल ओतायचे, बुंध्याभोवती काँक्रीट ओतून मुळांचा श्वास कोंडायचा, आणि झाड वाळले की ‘धोकादायक’ म्हणून अर्ज करायचा. नाहीतर कचेरी बंद असलेल्या दिवशी रात्रीच काम उरकायचे.

“एक गेलं तर शंभर लावू” असेही म्हणतात. अवश्य लावावीत. पण वडाच्या पारंब्या जमिनीला टेकून खांब व्हायला माणसाचे आयुष्य जाते. वड, पिंपळ, उंबर यांच्या प्रत्येक जातीचे परागीभवन ठरावीक चिमुकल्या कीटकांवर अवलंबून असते. त्यांच्या फळांवर पाखरे आणि वटवाघळे जगतात. हे सगळे गोकुळ शंभर काटक्यांवर कुठे वस्तीला जाईल? रोप लावणे हे पुण्य आहे, पण ते आदल्या रात्रीच्या कुऱ्हाडीची पावती नव्हे.

इथे घरांविषयी आमचा आकस नाही, हेही सांगितले पाहिजे. आमचीही मुले शहरात भाड्याच्या खोलीत राहतात. घरे बांधलीच पाहिजेत. परंतु वड मध्ये ठेवून भोवती घरांची आखणी करता येते. त्यासाठी चार प्लॉट कमी पडतील, एवढेच. 2020 साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी, रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सुमारे 400 वर्षांचा म्हणून मानला जाणारा वड जाणार होता. लोक उभे राहिले, आणि महामार्गाची आखणी बदलून तो तेव्हा कुऱ्हाडीतून वाचला. एवढा मोठा रस्ता जर बाजूला सरकतो, तर एक कुंपणाची भिंत का सरकू नये?

मग वारकऱ्याने काय करावे? भांडण नको, घोषणा नकोत. प्रत्येक दिंडीने आपल्या विसाव्याच्या झाडांची यादी करावी: गाव, जात, बुंध्याचा घेर, एक छायाचित्र. ती यादी त्या त्या ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस देऊन पोच घ्यावी. झाडावर नोटीस दिसली तर ती वाचावी आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी. परवानगी नसताना करवत चालू दिसली, तर तिथल्या तिथे वृक्ष अधिकाऱ्यास कळवावे. आळंदीचा अजानवृक्ष आणि देहूची नांदुर्की यांपुढे आपण माथा टेकतो. वाटेवरचे वडही त्यांचेच भाऊबंद आहेत. तुकोबारायांनी झाडांशी सोयरिक सांगितली, ती काही देवळाच्या आवारापुरती नव्हे.

आणि एक गोष्ट आम्हां स्वतःसाठी. त्या दिवशी अन्न नाकारायला हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. भुकेल्यापुढे आलेले अन्न पूर्णब्रह्मच. पण जेवण्याआधी त्या आजीचा प्रश्न आम्ही यजमानास विचारावयास हवा होता. नम्रपणे, माउली म्हणून, पाया पडूनसुद्धा. तो कदाचित रागावला असता. कदाचित उरलेली दोन झाडे त्याने राखलीही असती. आम्ही विचारलेच नाही, म्हणून ते कळले नाही.

येत्या वारीत तो प्रश्न विचारण्याचे बळ पांडुरंगाने द्यावे, एवढेच मागणे.

रामकृष्णहरी.