मिस्त्रीच्या कानाने

शांत बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. श्वास लांबवू नका, तो येतोय तसा येऊ द्या.

आता आपल्या गेलेल्या मिस्त्रीला आठवा. चेहऱ्याची घाई नको. आधी हात येऊ देत. नखांच्या कडेला मुरलेलं काळं ऑइल, दिवाळीच्या अभ्यंगस्नानानेही न निघणारं. बोटावरचा जुना भाजल्याचा डाग. तुमच्या मिस्त्रीचे हात वेगळे असतील. ते सावकाश पाहा.

माझा मिस्त्री मित्र नगरचा, म्हणून मला त्या हातांखाली लुना दिसते. 1972 साली, ऐन दुष्काळाच्या वर्षी, फिरोदियांच्या कायनेटिकने ती आणली. 50 सीसीचं इंजिन आणि सायकलसारखी पायडलं. नगरच्या कारखान्यातली ही गाडी दुधाच्या किटल्या वाहू लागली, मास्तरांना शाळेत नेऊ लागली. कारखान्याने ती घडवली, पण वर्षानुवर्षं चालती ठेवली ती रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधल्या माणसांनी. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मिस्त्रीने नुकताच काढलेला प्लग मनातच तळहातावर घ्या. अजून कोमट आहे. टोकाचा रंग पाहा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, म्हणून काजळी धरते. काळा, ओलसर असेल तर पेट्रोल जास्त येतंय. पांढुरका असेल तर कमी पडतंय, इंजिन तापतंय. विटकरी असेल तर सगळं ठीक. माझा मिस्त्री प्लग उजेडाकडे धरून बराच वेळ गप्प राहायचा. गिऱ्हाईक घाई करायचं, तो करायचा नाही. तुम्हीही करू नका.

आता इंजिन सुरू झालं. आवाज ऐका. एखादा ठोका चुकला की त्याचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं, मान कलायची. तशीच मान कलवा. खोलीतला पंखा, बाहेरची गाडी, स्वतःची छाती, जे ऐकू येईल ते दुरुस्त करायला न धावता ऐका.

तो माणसंही अशीच ऐकायचा. मी गाडी स्टँडला कशी लावतो, एवढ्यावरून विचारायचा, "काय रे, घरी काही झालंय का? बस, चहा सांगतो." मग पाना हातात ठेवून माझं सगळं संपेपर्यंत थांबायचा. या आठवणीपाशी माझा गळा दाटतो. तुमचाही दाटला तर दाटू द्या, पुढे जायची गरज नाही.

सावकाश डोळे उघडा.

खंडेनवमीला त्या शेडमध्ये पाने पुसून मांडतील, हळदकुंकू, झेंडू वाहतील. त्या दिवशी जा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोराशेजारी बसा आणि त्याला सांगा, कुठल्या पावसात, कुठल्या फाट्यावर, किती रात्री मिस्त्री तुमच्यासाठी धावत आला होता. त्याने स्वतः पोराजवळ ते कधी काढलंच नसणार.